मांड आणि खोगीर

आमच्या हमरापुरांत आणि लगतच्या जोहे, तांबडशेत, कळवे या गांवांत जन्मास आलेल्या मुलास साचा म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. एका साच्यांतून गणपतीच्या शेंकडों मूर्ति निघतात, आणि एका मूर्तीस बेतलेला मुकुट तिच्या दुसऱ्या बहिणीसही नीट बसतो. घोडा मात्र साच्यांतून निघत नाहीं. एकाच घोडीचीं दोन शिंगरें घ्या. एकाची पाठ रुंद, तर दुसऱ्याची अरुंद. एकाचा खांदा उभा, तर दुसऱ्याचा कललेला. म्हणून एकाच्या पाठीवर जें खोगीर शोभतें, तेंच दुसऱ्याच्या पाठीस आठ दिवसांत जखम करूं शकतें. एवढी गोष्ट ज्यास उमगली, त्यास या लेखाचा निम्मा भाग समजला असें आम्ही मानूं.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशास, असें कांहीं पालकांस वाटेल. पेण तालुक्यांत आज घोडा सहसा कोणाच्या दारीं दिसत नाहीं. दिसलाच तर वरातीचा. परंतु माथेरान आमच्याच जिल्ह्यांत आहे आणि तेथें खासगी मोटारींस मज्जाव असल्यामुळें घोडा अद्याप लोकांच्या उपयोगीं पडत आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं घोडागाड्या धांवतात. मुंबईस महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर १९४२ सालीं स्थापन झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. तेथें मुलांस घोडेस्वारी शिकवितात आणि स्पर्धाही भरतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत छात्रांस घोड्यावर बसावें लागतें, आणि त्या प्रबोधिनीचें स्वप्न पाहणारे विद्यार्थी आमच्या वर्गांतही आहेत. सुटींत मामाच्या घरीं मुंबईस किंवा पुण्यास जाऊन एखादें अश्वप्रदर्शन पाहून आलेला मुलगा परत येतो, तों त्याच्या डोक्यांत एकच प्रश्न घोळत असतो : ‘‘खोगीर कोणतें घ्यावें ?’’ प्रश्न चांगला आहे. पण तो उलट्या बाजूनें विचारलेला आहे. आधीं घोड्यास काय काम करावयाचें आहे तें ठरतें, त्यावरून स्वाराची मांड ठरते, आणि मांडीवरून खोगीर ठरतें. अश्वप्रदर्शनांत ‘वर्ग’ म्हणतात ते याच कामांचे वर्ग होत. शाळेंतील वर्ग विद्यार्थ्याच्या वयावर व अभ्यासावर अवलंबून असतो. तेथील वर्गांत मात्र परीक्षक विचारतो, या घोड्याकडून व या स्वाराकडून अमुक काम नीट होतें कीं नाहीं.

मांड हा आपल्या भाषेंतला मोठा नेमका शब्द आहे. ‘त्यानें घोड्यावर मांड ठोकली’ असें आपण म्हणतों, तेव्हां केवळ तो बसला एवढेंच सांगत नाहीं. त्याचा तोल, त्याच्या मांड्यांची पकड, त्याचा निर्धार, सगळें त्यांत आलें. ही मांड सर्व काळीं सर्वत्र एकच नव्हती. सांची, मथुरा आणि आमच्या शेजारच्या पुणें जिल्ह्यांतील भाजे येथील प्राचीन शिल्पांत, पाय टेकण्यासाठीं रिकीब नसल्यामुळें स्वारांनीं पाय तंगाखालीं सरकविलेले दाखविले आहेत असें जाणकार सांगतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचविलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत घोड्यांची निगा व घोड्यावरून चेंडू खेळण्याचा खेळ यांचें वर्णन आहे. ज्यास धांवत्या घोड्यावरून वांकून चेंडू मारावयाचा, त्याची मांड आणि ज्यास राजमार्गानें मिरवीत जावयाचें, त्याची मांड एक कशी असेल ?

शिवकालीन फौजेचा विचार केला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ज्याचा घोडा व हत्यार स्वतःचें तो शिलेदार. ज्यास घोडा सरकारच्या पागेंतून मिळे तो बारगीर. सभासदानें लिहून ठेविलें आहे कीं, पंचवीस बारगीरांमागें एक हवालदार असे, आणि त्या पंचविसांसाठीं एक नालबंद व एक पखालजी नेमलेला असे. म्हणजे घोड्याचा खूर आणि घोड्याचें पाणी या दोहोंची व्यवस्था हत्याराइतकीच महत्त्वाची मानलेली होती. सह्याद्रीच्या घाटांतून लांबचा पल्ला मारणाऱ्या या स्वारास खोगीर हलकें, मऊ भरणाचें व सैल मांडीचें लागे. भीमेच्या कांठचीं भीमथडी तट्टें चपळ व काटक म्हणून प्रसिद्ध होतीं आणि त्यांच्या पाठीस जड सामान सोसण्यासारखें नव्हतें. या जुन्या कापडी खोगिरांत चिंध्या, लोकर, जें हातीं येईल तें कोंबीत, त्यावरून ‘खोगीरभरती’ हा शब्द आला. एखाद्या सभेंत निरुपयोगी माणसें भरलीं कीं आपण तो सहज उच्चारतों. ‘जेरबंद करणें’ हाही घोड्याच्या सामानांतूनच आलेला वाक्प्रचार. घोड्याच्या तंगापासून पुढच्या पायांमधून वर त्याच्या तोंडाकडे जाणारा जो पट्टा त्यास डोकें फार उंच उडवूं देत नाहीं, तो जेरबंद. विद्यार्थ्यांनीं शब्दकोश उघडून असे आणखी शब्द शोधावेत; तोबरा, दुमची, मोहरकी, खरारा, आगाडी-पिछाडी यांपासून आरंभ केला तरी एक तास सुखानें जाईल.

आतां आजच्या प्रदर्शनांकडे वळूं. बहुतेक ठिकाणीं ज्या तीन प्रकारांस ऑलिंपिक स्पर्धांत स्थान आहे, तेच प्रमुख असतात. पहिला ड्रेसाज. वीस मीटर रुंद व साठ मीटर लांब (लहान परीक्षांस चाळीस मीटर) अशा सपाट आंगणांत घोडा चाल, दुडकी व कॅंटर या तीन गतींत ठरलेल्या आकृत्या काढतो. प्रत्येक हालचालीस परीक्षक शून्यापासून दहापर्यंत गुण देतो, जणूं निबंधाची वही तपासावी तसे. येथें स्वाराचें शरीर शक्य तेवढें स्थिर दिसावें लागतें; खरी आज्ञा बैठकीच्या वजनांतून व पोटरीच्या हलक्या दाबांतून जाते. म्हणून ड्रेसाजचें खोगीर खोल बैठकीचें असतें, त्याच्या बाजूचें चामडें सरळ खालीं उतरतें, आणि रिकिबी लांब सोडतात, कीं पाय लोंबता व सैल राहावा. खांदा, कंबर आणि टांच हीं एका उभ्या रेषेंत आलीं पाहिजेत. २६ सप्टेंबर २०२३ रोजीं चीनमधील हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत भारताच्या चमूनें याच प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. सुदीप्ती हजेला, दिव्याकृति सिंह, अनुश अगरवाला आणि मुंबईचा हृदय विपुल छेडा हे चौघे त्या चमूंत होते. घोडेस्वारींत भारतास आशियाई सुवर्ण मिळण्यास तब्बल एकेचाळीस वर्षें लागलीं होतीं. ज्यांस वाटतें कीं या खेळांत घोडाच सगळें करतो व स्वार नुसता बसून असतो, त्यांनीं एकदां वीस मिनिटें बिन-रिकिबीची दुडकी करून पाहावी.

दुसरा प्रकार अडथळ्यांवरून उड्या मारण्याचा. येथें सर्व उलटें. सुमारें सवाशें वर्षांपूर्वीपर्यंत उडी मारतांना स्वार मागें रेलत असे आणि लगाम ताणून धरी. त्यामुळें घोड्याच्या पाठीवर व तोंडावर नेमका त्याच क्षणीं भार येई ज्या क्षणीं त्यास मान व पाठ मोकळी हवी. इटलीच्या घोडदळांतील फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या अधिकाऱ्यानें मोकळे घोडे उडी कशी मारतात तें बारकाईनें पाहिलें आणि स्वारानें पुढें झुकून, बैठक किंचित् उचलून, घोड्याच्या तोलाबरोबर जावें असें शिकविलें. प्रथम त्यास वरिष्ठांकडून विरोध झाला. आज जगांतले सगळे उडीचे स्वार त्याच्याच रीतीनें बसतात. उडीच्या खोगिराचें बाजूचें चामडें पुढें झुकलेलें असतें, गुडघ्याखालीं गादी असते, आणि रिकिबी कांहीं छिद्रें आंखूड करतात, ती याच कारणास्तव. आतां ड्रेसाजच्या खोगिरावर बसून मूल उडी मारूं लागलें तर काय होईल ? लांब रिकिबींमुळें तें पुढें झुकूं शकणार नाहीं, झुकलें तर तोल जाईल, आणि तोल सांवरण्यास तें लगाम धरील; शिक्षा मात्र घोड्याच्या तोंडास. दांडी पडली कीं चार दोष आणि स्वार पडला कीं स्पर्धेंतून बाद, असा तेथील हिशेब आहे.

तिसरा प्रकार इव्हेंटिंग. त्यांत ड्रेसाज, मैदानांतील अडथळ्यांची लांब दौड आणि उड्या हे तीन भाग येतात. अनेक स्वार प्रत्येक भागास वेगळें खोगीर वापरतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेंत या प्रकाराचें वैयक्तिक सुवर्णपदक रघुबीर सिंग यांनीं मिळविलें व सांघिक सुवर्णही भारतासच आलें. मुंबईचे इम्तियाज अनीस २००० सालीं सिडनी ऑलिंपिकमध्यें आणि बंगळूरचे फौआद मिर्झा टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें (तें महामारीमुळें एक वर्ष उशिरां २०२१ सालीं भरलें) उतरले ते याच प्रकारांत. मैदानांतील दौडींत छातीपाठीचें कवच घालणें सक्तीचें आहे, आणि तें योग्यच आहे.

ऑलिंपिकच्या बाहेर राहिलेला पण आपल्या देशांत अतिशय लोकप्रिय असा आणखी एक प्रकार म्हणजे नेजाबाजी, अर्थात् जमिनींत पुरलेली लांकडी मेख भरधाव घोड्यावरून भाल्यानें उचलणें. १९८२ च्या त्याच स्पर्धेंत रुपिंदरसिंग ब्रार यांनीं यांत वैयक्तिक सुवर्ण मिळविलें. येथें स्वार एका बाजूस पुष्कळ खालीं वांकतो, घोडा पूर्ण वेगांत असतो, आणि एका हातांत भाला असल्यानें लगाम एकाच हातीं असतो. म्हणून घोडदळाचें खोगीर, पुढें मागें उंचावलेलें व रुंद बैठकीचें, येथें उपयोगी पडतें. पोलीस व लष्कराच्या पथकांनीं हा खेळ जिवंत ठेविला आहे.

सिनेमांत जे अमेरिकन गुराखी पाहून मुलें वेडीं होतात, त्यांच्या खोगिराविषयींही दोन शब्द बोललें पाहिजेत. कारण हाच मोह सर्वांत महाग पडतो. त्या खोगिरास पुढें एक शिंगासारखी मूठ असते. ती धरून बसण्यासाठीं नाहीं. पळणाऱ्या बैलाच्या गळ्यांत दोर टाकल्यावर त्या दोराचें दुसरें टोंक गुंडाळण्यासाठीं ती केली. दिवसभर कुरणांत बसून काम करावयाचें म्हणून बैठक खोल, चामडें रुंद, वजन मोठें आणि पाय लांब सोडलेला. लगाम एका हातांत सैल, आणि वादी मानेस टेंकली कीं घोडा वळतो. ही रीत स्पेनमधून मेक्सिकोमार्गें तेथें पोंचली. ज्या प्रदर्शनांत ‘वेस्टर्न’ वर्ग आहेत तेथें ती शिकावी. भारतांत मात्र असे वर्ग विरळ आहेत, आणि ड्रेसाजच्या परीक्षेस हें खोगीर घालून जाणाऱ्या मुलास परीक्षक आंतही येऊं देणार नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतील एक जुना घोड्यांचा मेळा यांतल्या कोणत्याच वर्गांत बसत नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांत शहादें तालुक्यांत तापीच्या कांठीं सारंगखेडें येथें एकमुखी दत्ताच्या यात्रेंत, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी व काठेवाडी घोडे, त्यांचे ते आंत वळून टोंकें जुळणारे कान, आणि त्यांची रवाळ चाल पाहण्यासाठीं लांबलांबून लोक येतात. रवाळ चालींत एका बाजूचे दोन्ही पाय एकाच वेळीं पुढें पडतात. त्यामुळें दुडकीचा हिसका पाठीस बसत नाहीं आणि स्वाराच्या हातांतलें पाणीही हिंदकळत नाहीं अशी लोकांची फुशारकी असते. या चालीसाठीं उठून-बसून दुडकीचा ताल सांभाळण्याची गरज नाहीं. स्वार मागें टेकून, ताठ, लांब रिकिबींत बसतो. देशी खोगिराची रुंद भरीव गादी त्याला पुरते. म्हणजे ही रीत अडाणी आहे आणि ती इंग्रजी रीत सुधारलेली असा समज कोणीं करून घेऊं नये. प्रत्येक मांड आपआपल्या चालीसाठीं घडलेली आहे. आमच्या मतें जो मुलगा सारंगखेड्याची चाल समजून घेईल, त्यास ड्रेसाज लवकर समजेल, कारण त्याच्या मनांत ‘घोडा काय करीत आहे’ हा प्रश्न आधीं उभा राहतो.

परंतु येथेंच एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चाल लवकर साधावी किंवा घोडा नाचावा म्हणून कांहीं ठिकाणीं काटेरी लगाम वापरतात. त्याच्या तोंडांतील लोखंडावर टोंकें असतात, तीं घोड्याच्या जिभेंत व हिरड्यांत रुततात. हें केवळ निर्दय नव्हे, तर बेकायदाही आहे. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालीं १९६५ सालीं जे नियम झाले, त्यांत काटेरी लगाम व टोंकदार साज यांस बंदी आहे. लादणीच्या तट्टावर ७० किलोग्रॅमपेक्षां अधिक ओझें घालूं नये असेंही त्याच नियमांत आहे. माथेरानास जाणाऱ्या धष्टपुष्ट पाहुण्यांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा. बाजारांत सुंदर माळा, कंठे, आरसे लावलेला साज भुरळ घालतो. तो विकत घेतांना तोंडांतलें लोखंड हातानें चाचपून पाहावें. आपलें बोट त्यावर जोरानें फिरवितां येत नसेल तर घोड्याच्या जिभेस तें नकोच.

लगामाविषयीं आणखी थोडें. घोड्याच्या तोंडांत पुढच्या दांतांच्या आणि दाढांच्या मध्यें एक मोकळी जागा निसर्गानें ठेविली आहे. लोखंड तेथें बसतें. तेथें दांत नाहींत, पण पातळ त्वचेखालीं हाड आहे, म्हणून ती जागा फार हळवी. नवशिक्या स्वारास मध्यें सांधा असलेला, कड्यांचा साधा लगाम द्यावा. तो तोंडाच्या रुंदीहून दोन्ही बाजूंस सुमारें अर्धा सेंटिमीटर अधिक असावा. अरुंद असला तर ओठ चिमटतो, फार रुंद असला तर इकडून तिकडे सरकतो. घोडा आवरत नाहीं म्हणून अधिक कडक लगाम घालणें हा बहुतेक वेळां चुकीचा उपाय असतो. आवरत नाहीं तो घोडा नव्हे, तर स्वाराचा अस्थिर हात. दोन लगाम एकत्र घालण्याची रीत ड्रेसाजच्या वरच्या पायरीवर आहे. तेथें पोंचण्यास वर्षें लागतात. जेरबंद ड्रेसाजमध्यें चालत नाहीं, उडीच्या वर्गांत त्याचा एक सैल प्रकार चालतो. म्हणून प्रत्येक स्पर्धेचें नियमपुस्तक वाचल्याखेरीज साज बांधूं नये. परीक्षक घोड्याच्या तोंडांत काय आहे तें आधीं पाहतो.

आतां खोगीर घोड्यास बसतें कीं नाहीं तें कसें ओळखावें ? ही विद्या सर्वांत उपयोगी आहे आणि पुस्तकापेक्षां हातानें लवकर येते. खोगिराच्या आंत लांकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा असतो. त्याचा पुढचा कमान-भाग घोड्याच्या मानेच्या शेवटीं, खांद्यावर जो उंचवटा असतो, त्यावर येतो. स्वार बसल्यावरही त्या उंचवट्याच्या व कमानीच्या मध्यें दोनतीन बोटें जागा राहिली पाहिजे. मग मागें उभें राहून पाहावें : खोगिराच्या दोन गाद्यांच्या मध्यें कण्यावरून एक मोकळी वाट दिसली पाहिजे, तिच्यांतून पुढचा उजेड दिसावा. कण्यावर भार आला कीं घोडा पाठ आंत घेतो, चाल आंखडते, आणि लोक म्हणतात, घोडा आळशी आहे. घोड्यास अठरा बरगड्यांच्या जोड्या असतात. खोगीर शेवटच्या बरगडीच्या पुढें संपलें पाहिजे, कारण त्यामागें कंबर मोकळी आहे व तिला भार सोसत नाहीं. पुढें तें खांद्याच्या हाडावर चढूं नये, नाहीं तर प्रत्येक पावलीं तें हाड खोगिरास धक्का देतें.

खोगीर काढल्यावर पाठ पाहण्याची सवय फार मोलाची. दौडीनंतर खोगिराखालचा भाग सर्वत्र सारखा घामेजलेला असावा. कोठें वाटोळा कोरडा डाग दिसला तर तेथें दाब इतका होता कीं घाम येऊंच शकला नाहीं. पाठीवर जुने पांढरे केस असतील तर तो पूर्वीच्या जखमेचा पुरावा. रंग गेलेला केस परत येत नाहीं. दोन्ही हातांच्या बोटांनीं कण्याच्या बाजूनें मध्यम दाब देत मागें जावें. घोडा कान मागें टाकूं लागला किंवा पाठ खालीं दाबूं लागला, तर खोगीर आठवडाभर बाजूला ठेवावें. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें, जो पुण्याच्या एका तबेल्यांत शिकतो, आम्हांस कळविलें कीं त्याचे गुरु त्यास पहिले पंधरा दिवस घोड्यावर बसूंच देत नव्हते. रोज खरारा करणें, खूर साफ करणें, आणि पाठ चाचपणें एवढेंच काम. त्या पत्रांत तक्रारीचा सूर होता. आम्हांस मात्र तो गुरु फार आवडला.

खोगिराखालीं नमदा किंवा कापडाची घडी घालतात ती घाम शोषण्यासाठीं. अरुंद खोगीर रुंद घोड्यास बसविण्यासाठीं नव्हे. न बसणारा जोडा आंत मोजा घालून बसवावा तसला हा प्रकार होतो; जितकी घडी जाड, तितका दाब अधिक. तंग आवळतांना एकदम जोर करूं नये. दोन बोटें सहज आंत जातील इतका आवळावा, घोड्यास दहाबारा पावलें चालवावें, आणि मग पुन्हां पाहावें, कारण पुष्कळ घोडे तंग आवळतांना छाती फुगवितात व मागाहून श्वास सोडतात. तेव्हां तंग सैल पडतो, आणि खोगीर पोटाखालीं फिरून स्वार जमिनीवर येतो. हें फार ओळखीचें अपघाताचें कारण आहे.

पालकांनीं पुढील मजकूर लक्ष देऊन वाचावा. मुलाच्या जिवास सर्वांत मोठा धोका पडण्यांत नसतो. पडल्यावर पाय रिकिबींत अडकून घोड्यामागें फरफटत जाण्यांत असतो. म्हणून तीन गोष्टींत तडजोड नको. बुटास लहान टांच हवी, जिच्यामुळें पाय रिकिबींतून पुढें निसटत नाहीं. चपला, खेळाचे सपाट बूट यांवर बसविणाऱ्या तबेल्यांत मूल पाठवूं नये. रिकीब बुटाहून सुमारें अडीच सेंटिमीटर रुंद असावी. जुन्या मोठ्या माणसाची रिकीब मुलास दिली तर सबंध पाय आंत जातो. आणि डोक्यावर हनुवटीखालीं पट्टा बांधलेली, प्रमाणित टोपी नेहमीं असावी, उडी असो वा साधी चाल. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०२१ सालापासून सर्व प्रकारांस अशी संरक्षक टोपी सक्तीची झाली. ड्रेसाजच्या श्रेष्ठ स्वारांची उंच काळी टोपी त्याबरोबर गेली. घोड्यावरून पडलेली टोपी एकदां जोरानें आपटली कीं वरून चांगली दिसली तरी बदलावी.

रिकिबीची लांबी ठरविण्याची सोपी युक्ति : जमिनीवर उभें राहून हात सरळ करावा, बोटांचीं टोंकें खोगिराच्या वरच्या कडीस लावावीं, आणि रिकीब काखेंत येते कीं नाहीं पाहावें. ही आरंभाची मोजणी झाली. उडीसाठीं तीन-चार छिद्रें वर, ड्रेसाजसाठीं एक-दोन खालीं. नेमकें माप घोड्यावर बसून गुरु ठरवील.

खर्चाचा विचार अर्थात् येतोच. आमच्या गांवांतील बहुतेक पालकांस घोडा पोसणें शक्य नाहीं, आणि तसें करण्याची गरजही नाहीं. शिकण्याच्या ठिकाणीं घोडा व साज दोन्ही त्यांचेच असतात. पहिल्या वर्षीं घरच्या पैशानें घ्यावयाच्या वस्तू दोनच : टोपी व बूट. दुसऱ्या वर्षीं मूल टिकून राहिलें तर स्वारीची विजार. खोगीर घ्यावयाचें झालें तर तें मुलाच्या पाठीस नव्हे, तर घोड्याच्या पाठीस मोजून घेतात; म्हणून घोडा निश्चित झाल्यावांचून घेऊंच नये. सर्व कामांस चालेल असें मध्यम प्रकारचें खोगीर मिळतें. आरंभास तें बरें. जुनें घेतांना तें गुडघ्यावर ठेवून पुढच्या व मागच्या टोंकांस दाबून पाहावें. आंत कटकट असा आवाज झाला किंवा सांगाडा वांकला तर तें मोडलेलें आहे, मग चामडें कितीही चकचकीत असो.

वर्ग निवडतांना आमचा आग्रह असा कीं, पहिल्या प्रदर्शनांत मुलानें एकच साधा वर्ग घ्यावा : चाल व दुडकीची लहानशी ड्रेसाज परीक्षा, किंवा ज्यांत घोड्यावर बसण्याची रीतच तपासतात तो वर्ग. उडीचा पहिला वर्ग घ्यावयाचा तेव्हां शेताच्या बांधाहून उंच नसलेल्या दांड्यांचा घ्यावा. चार वर्गांत नांव घालून घोडा दमविणें हें आम्हांस पसंत नाहीं. चौथ्या वर्गापर्यंत त्याची पाठ कशी असते, तें खोगीर काढल्यावर पाहणारा स्वार पुन्हां तसें करीत नाहीं. लहान मुलास तट्टू असेल तर उंचीचे वर्ग असतात : घोड्याची उंची खांद्याच्या उंचवट्यापर्यंत मुठींनीं मोजतात, एक मूठ म्हणजे चार इंच, आणि साधारण १४८ सेंटिमीटरपर्यंतचें जनावर तट्टूंत मोडतें.

ज्यांस घोडा प्रत्यक्ष पाहण्यास मिळत नाहीं त्यांनीं मूर्तींत तो पाहावा. आमच्याच जिल्ह्यांतील सासवणे येथील शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनीं पुण्यास १९२८ सालीं उभारला गेलेला शिवाजी महाराजांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा घडविला. सासवण्यास त्यांच्या शिल्पांचें संग्रहालय आहे. पुतळ्यासमोर उभे राहून विद्यार्थ्यांनीं क्रमानें पाहावें : स्वाराचा पाय कोठें आहे, टांच कोणीकडे, लगाम ताणलेला कीं सैल, खोगीर कोठवर आलें आहे. हमरापुरांतील कारखान्यांत खंडोबाच्या किंवा महाराजांच्या घोड्यावरील मूर्ति ज्यांच्या घरीं होतात, त्या मुलांनीं आपल्या वडिलांस विचारावें, पायाची ही जागा त्यांनीं कशावरून ठरविली; आणि मग त्या मूर्तीचें वजन जर खरें असतें तर घोड्याच्या कण्यावर तें नेमकें कोठें पडलें असतें, तें वहींत रेघ मारून दाखवावें. तीं वह्या आम्ही सहामाही परीक्षेपूर्वीं पाहूं.